ज्या गुलाबावर माइट थांबत नव्हती

जिजाजी,

तुमच्या उठावन्याच्या शोकसभेत मी बोललो नाही. माझं नाव पुकारलं गेलं, मी उठलो, फोटोला फूल वाहिलं आणि परत येऊन सतरंजीवर बसलो. लोकांना वाटलं, मेहुण्याला भरून आलं. भरून वगैरे काही आलं नव्हतं. माझ्या आधी बोललेल्या माणसांनी तुम्हाला ऋषी म्हटलं, तपस्वी म्हटलं. एकाने तर सांगितलं की संशोधनाशी तुमचा संसार होता. तेव्हा माझं लक्ष ताईकडे गेलं. ती बायकांमध्ये मान खाली घालून बसली होती. तुमचा संसार तिच्याशी होता, हे त्या हॉलमध्ये कुणालाच आठवलं नाही. मी तोंड उघडलं असतं तर तेच बोललो असतो, म्हणून गप्प बसलो. आता लिहितो.

तीस वर्षांच्या वर तुम्ही माझे जिजाजी होतात आणि एवढ्या काळात तुम्ही मला एकदाही नावाने हाक मारली नाहीत. "या सालेसाहेब, हिशेब घेऊन आलात का?" विमा ऑफिसच्या हिशेब विभागात काम करणारा माणूस म्हणजे तुमच्या लेखी बेरजा करणारं यंत्र. तुम्ही कृषी महाविद्यालयातले, कीटकशास्त्राचे. त्यातही तुम्ही ज्यांच्यावर काम करायचे ते कीटक नव्हेत, त्यांना आठ पाय असतात, हे तुम्ही मला प्रत्येक दिवाळीला सांगायचे. झाडाचा रस शोषणारे कोळी, टाचणीच्या टोकाहून लहान, पानाच्या पाठीवर राहणारे. तुम्ही त्यांना माइट म्हणायचे आणि त्यांच्याबद्दल बोलताना तुमचा आवाज मऊ व्हायचा. घरात दुसऱ्या कुणाशी बोलताना तो तसा झालेला मी ऐकला नाही.

तुम्ही रिटायर झालात आणि प्रयोगशाळा सुदामा नगरच्या घराच्या गच्चीवर आली. तुमचा प्रश्न एकच होता: माइटला कसं कळतं, कुठल्या झाडावर राहायचं? त्यावरचं तुमचं उत्तर मी अजून पाठ म्हणून दाखवू शकतो. तिला धड दिसत नाही. लांबून झाड ओळखून ती निघत नाही. एक झाड सुकायला लागलं की ती शेंड्यावर चढते, वाऱ्यात अंग सोडून देते आणि वारा टाकेल तिथे पडते. निवड त्यानंतर सुरू होते. पुढच्या पायांच्या टोकांना बारीक केस असतात, त्यांनी ती पान चाचपते, हुंगते. मग सोंड खुपसून एक घोट घेते. पटलं तर थांबते, अंडी घालते. नाही पटलं तर चालू लागते.

"म्हणजे आधी पडते आणि मग पसंत करते," मी म्हणालो होतो.

"बरोबर. आणि अशी वाऱ्यावर निघते ती बहुतेक मादीच." तुम्ही ताईकडे बघून हसलात. ती चहा घेऊन आली होती. "ही पण बघा ना, तिकडे माहेरच्या अन्नपूर्णा भागातून वाऱ्याने आली, पाय टेकवून पाहिला, राहिली."

ताई हसली. मी हसलो नाही. तो वाद मी तेव्हा घातला नाही, तो आता घालतो. ताईने पाय टेकवून पाहिला नव्हता, जिजाजी. बाबांनी तुमची नोकरी पाहिली, तुमच्या आईने ताईची उंची पाहिली, आणि ठरलं. घोट घेऊन पाहायची आणि नाही पटलं तर चालू लागायची मुभा तुमच्या माइटला होती. माझ्या बहिणीला नव्हती. तुम्ही आयुष्यभर निवडीचा अभ्यास केलात आणि घरातलं हे उदाहरण चुकीचं दिलंत.

गच्चीवर औषध फवारायचं नाही, हा तुमचा कायदा. ताईची शेवंती गेली, भेंडी गेली, दारच्या कुंडीतली मिरचीसुद्धा गेली. पानांवर फिकट ठिपके, मग तांबूसपणा, मग जाळी. ती काही बोलली की तुम्ही म्हणायचे, "राहू दे यार, त्यांना पण जगायचंय." वांग्याच्या कुंड्या तर तुम्ही मुद्दाम माइट पोसायला ठेवल्या होत्या. त्या सगळ्यात एक देशी गुलाब टिकून होता, फिकट गुलाबी, वासाचा. वांग्याला खेटून असूनही त्याची पानं स्वच्छ. एका उन्हाळ्यात ते तुमच्या लक्षात आलं आणि मग तुम्हाला दुसरं काही दिसेनासं झालं.

तुमची वाटी मला पाठ आहे. उथळ वाटीत ओला कापूस, त्यावर वांग्याच्या पानाची एक गोल चकती आणि गुलाबाची एक. दोन्हींमध्ये कागदाच्या पट्टीचा पूल. पुलाच्या मधोमध तुम्ही अगदी बारीक कुंचल्याने एक माइट सोडायचे आणि भिंग लावून बसायचे. माइट वांग्याकडे गेली की तिथेच रमायची. गुलाबाकडे गेली की चकतीवर पाय टेकायची, थबकायची, पाय झटकल्यासारखं करायची आणि मागे वळायची. तेही तुम्ही मला दाखवलंत. मी भिंगातून पाहिलं. ती खरोखरच मागे वळली.

"पाहिलंत सालेसाहेब? घोटसुद्धा घेतला नाही. पायालाच कळलं. या गुलाबाच्या पानात काहीतरी आहे जे तिला नको आहे."

"तुलनेला काय ठेवलंय?"

"वांगं."

"वांगं आणि गुलाब ही दोन वेगळी झाडं आहेत. दुसरा गुलाब कुठे आहे? आणि हे झाड एकच. बाहेरचं कुणी काही करतंय का, हे कसं कळणार?"

"अहो भिया सालेसाहेब, हे विम्याचं ऑफिस नाही. इथे कोणी खोटा क्लेम टाकत नाही."

हा वाद आपण किती वेळा घातला ते मोजण्यात अर्थ नाही. माझं म्हणणं तुम्ही कधी खोडलं नाहीत, नुसतं उडवून लावलंत. प्रत्येक वेळी ताई म्हणायची, "पुरे रे मुकुंदा, पोहे गार होतायत," आणि विषय संपायचा.

ताईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं तो दिवसही लिहून ठेवतो, कारण उठावन्यात तो कुणी सांगितला नाही. तिला आत नेलं, आणि थोड्या वेळाने तुम्ही घड्याळ पाहून उठलात. मला वाटलं चहाला निघालात. तुम्ही म्हणालात, "जरा घरी जाऊन येतो. वाटीतला कापूस वाळला तर सगळ्या माइट उतरून जातील."  "मग तुम्ही आहातच ना इथे," असं वर म्हणालात. ताई शुद्धीवर आली तेव्हा तिने पहिलं विचारलं, "हे कुठायत?" मी म्हणालो, औषध आणायला गेलेत. माझ्या आयुष्यात मी फार थोड्या वेळा खोटं बोललो असेन. त्यातलं ते एक तुमच्यासाठी बोललो, आणि ते मला अजून खुपतं.

रागात लिहिताना हात सैल सुटतो, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. एका वर्षी तुम्ही अख्ख्या उन्हाळ्याचं काम फेकून दिलंत. वांग्यावरच्या आणि गुलाबावरच्या माइट उचलायला तुम्ही एकच कुंचला वापरला होता. एका पानाचा वास दुसऱ्यावर गेला असेल अशी तुम्हाला शंका आली. कुणी विचारलं नव्हतं. कुणाला कळलंही नसतं. तुम्ही मला म्हणालात, "आकडे माझ्या बाजूचे होते, म्हणूनच जास्त संशय आला." त्या दिवशी मी घरी जाताना स्कूटर अन्नपूर्णाच्या चौकात थांबवली आणि उगाच थोडा वेळ उभा राहिलो. माझ्या ऑफिसात मी इतकी वर्षं ज्या माणसाची वाट पाहतोय तो माझ्या बहिणीच्या गच्चीवर बनियनवर बसलेला आहे, असं मला वाटलं. त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. हे तुम्ही असताना सांगितलं नाही, कारण तुम्ही लगेच म्हणाला असता, "लिखके दो."

आता तुम्ही गेल्यानंतरचं सांगतो.

तेरावं होईपर्यंत गच्चीवर कुणी गेलं नाही. मार्चचं ऊन, पाण्याचा थेंब नाही. पाहुणे गेल्यावर मी वर गेलो. वांगी करपली होती आणि त्यांच्या शेंड्यांवर जाळीचे गोळे झाले होते. जिवंत माइट तिथे दाटीने जमल्या होत्या, वाऱ्याची वाट पाहत. मग मी गुलाबाचं पान उलटं केलं. तुमचंच भिंग होतं हातात. पानाच्या पाठीवर त्या होत्या. चालत नव्हत्या, पाय झटकत नव्हत्या. बसल्या होत्या. शेजारी अंडी होती.

जिजाजी, खरं सांगतो, मला आनंद झाला. बारा दिवस जे दाबून ठेवलं होतं ते सगळं त्या पानावर मोकळं झालं. मी ते पान तोडून खाली आणलं आणि ताईसमोर धरलं. "बघ. म्हणे या गुलाबावर थांबत नाहीत."

ताईने चष्मा लावला. पान पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "थांबणारच. मी धुतलं कुठे इतके दिवस?"

"काय धुतलं?"

"अरे, पानं. माझ्या हातापायाला खाज सुटते ना, रोज पातेलंभर कडुनिंब उकळते मी अंघोळीला. मगभर उरतं. फेकायचं कशाला? हे सकाळी फिरायला गेले की मी वर जायचे, कापसाने पानं पुसून काढायचे. दोन्हीकडून."

"रोज?"

"रोज काय, जमेल तसं. हे परत येईपर्यंत उन्हाने वाळून जायची."

 तुमच्या वाटीतली माइट गुलाबाच्या चकतीवर पाय टेकून मागे का वळत होती, ते मला त्या क्षणी समजलं. तिच्या पायांना कळत होतं ते कडुनिंब. गुलाबाच्या पानात काय आहे, हे तुम्हाला कधी कळलंच नव्हतं. वासावर बोलणारा माणूस, आणि बारमाही सर्दीने तुमचं नाक असं बंद की आमटी करपली तरी तुम्हाला शेजारणीने सांगावं लागे! माइटच्या पायाचा केस तुम्हाला दिसत होता. रोज सकाळी कुंडीखाली सांडलेलं हिरवट पाणी दिसत नव्हतं. आणि ज्या दिवशी मी विचारलं, बाहेरचं कुणी काही करतंय का, त्या दिवशी ते करणारी बाई तुमच्या मागे चहाचा ट्रे धरून उभी होती.

"ताई, तू बोलली का नाहीस? आमचं भांडण ऐकत होतीस ना?"

"मला काय माहीत त्याने फरक पडतो? मला वाटलं, धूळ निघते." मग चष्मा काढत म्हणाली, "नंतर नंतर वाटायला लागलं होतं. पण ते एकच झाड होतं रे, ज्याच्यामुळे ते खूश व्हायचे. वरून खाली आले की म्हणायचे, सुनीता, आज पण एक थांबली नाही. मग बसायचे माझ्याजवळ. चहा घ्यायचे. कधी सराफ्यात खायला चल म्हणायचे. बाकीच्या दिवशी खाली आलेले कळायचं पण नाही."

यावर मी तुम्हाला काय लिहू? बायकोजवळ बसून चहा घ्यायला तुम्हाला एका किड्याची परवानगी लागत होती. आणि ती परवानगी माझी बहीण रोज सकाळी कापसाने पुसून तयार करत होती.

इथेच थांबलं असतं तर मी हे कुणाला सांगितलं नसतं. पण दुसऱ्या आठवड्यात तुमचे कॉलेजातले जुने सहकारी शर्माजी आले. "भाभीजी, सर का गुलाब हम नर्सरी में लगाएँगे," ते म्हणाले. "सर के नाम की तख्ती लगेगी. आसपास के फूलवाले किसान पूछते रहते हैं, उनको भी कलम देंगे. छिड़काव ही नहीं करना पड़ेगा." ताईचे डोळे भरून आले. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला काय म्हणायचंय ते मला समजलं.

शर्माजी फाटकाबाहेर गेल्यावर ती म्हणाली, "मुकुंदा, काही बोलू नकोस. लोक म्हणतील, नवरा एवढा मोठा शास्त्रज्ञ आणि बायकोनेच घोळ केला. त्यांच्या नावाची पाटी लागू दे. काय बिघडतं?"

"ताई, शेतकरी ते झाड लावतील आणि फवारणार नाहीत. तिथे पानं पुसायला कोण जाणार आहे?"

तिने बाजूचं फडकं हातात घेतलं.

"आणि जिजाजी असते तर त्यांनी स्वतः नाही म्हटलं असतं. एका कुंचल्यासाठी त्यांनी उन्हाळा फेकला होता."

हे तुमच्या बाजूने बोलावं लागलं याचा मला त्या वेळीही राग आला.

ताईने हातातल्या फडक्याची घडी घातली. मग तिने विचारलं, "पण तू म्हणतोस तेच खरं कशावरून? झाडाला दोन आठवडे पाणी नव्हतं. तहानलेल्या झाडावर ह्या जास्त बसतात, हे तेच सांगायचे. मी पुसत होते हे खरं. पण गुलाब मुळातच कडू नसेल कशावरून?"

तीस वर्षं ती चहा देत होती आणि ऐकत होती. माझं एक पान, एक झाड, तेही मरायला टेकलेलं. तुलनेला काहीच नाही. तुम्ही गच्चीच्या कठड्याला टेकून हसत असल्याचा भास झाला, आणि मी तो झटकून टाकला.

मग आम्ही दोघांनी ठरवलं. शर्माजींना फोन केला: नवी फूट येऊ द्या, मग कलमं न्या. गुलाबाच्या जुन्या फांद्या आणि पानं छाटली, कुंडीला नीट पाणी सुरू केलं, साधं. नवी पालवी आली आहे. तिला कडुनिंबाचा हात लागलेला नाही. तिच्यातली अर्धी पानं ताई उद्या सकाळी पूर्वीसारखी पुसणार, अर्धी तशीच ठेवणार. चकत्या कापायच्या, कापूस ओला करायचा. कुठली चकती कुठली, हे फक्त तिला माहीत असेल. भिंगाला मी बसणार आणि बघणार, न पुसलेल्या पानावर माइट थांबते की मागे वळते. दोन्हींसाठी कुंचले वेगळे घेतले आहेत. ताईने तिची अट घातली: गुलाब खरा निघाला तर पानं पुसण्याबद्दल जन्मात कुणाला सांगायचं नाही. खोटा निघाला तर शर्माजींना ती स्वतः सांगणार, माझ्या तोंडून नको. अट मला मान्य आहे.

संध्याकाळी ती देवापाशी जरा जास्त वेळ बसली. काय मागितलं ते मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. "हे बरोबर निघू देत, एवढंच." तिचा चेहरा पाहून मला तिच्या साखरपुड्याचा दिवस आठवला, तेव्हाही तिने देवापाशी हेच मागितलं असणार; तो आठवायला नको होता.

मी उलट मागितलं आहे, जिजाजी, आणि ते तुम्हाला तोंडावर सांगतो. तुम्ही चुकलेले निघावेत. तुम्हाला हरवण्याची हौस आता उरलेली नाही, हरायला तुम्ही आहात कुठे? पण तुमचा गुलाब खरा असेल, तर ताईने रोज जिना चढून जे केलं ते फुकट गेलं. तुम्ही तसेही खूश झालाच असता. आणि तो साधा असेल, तर तुमच्या त्या घरात चहा घेत बसलेली प्रत्येक चांगली सकाळ माझ्या बहिणीने स्वतःच्या हाताने घडवली होती, आणि तुम्ही ती गुलाबाच्या नावावर टाकलीत. हे मला आकड्यांत पाहिजे. तिला दाखवायचं आहे.

वाटी धुऊन ठेवली आहे. ताईने आत्ताच खालून हाक मारली, सकाळी लवकर ये, ऊन चढायच्या आत. मी तिला म्हणालो, येतो.